पैसे आपले, वस्तू कोणाची? परवाने, गॅजेट्स आणि 'अकरा न घेणारे' लॅपटॉप

स्क्रूड्रायव्हर

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतोय, "लॅपटॉप मस्त चाललाय, पण अकरा घेत नाही म्हणतोय. नवीन घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, आणि त्या निमित्ताने 'विकत घेतलेली वस्तू खरंच आपली का' हे जुनं भांडणही उकरून काढतो. मी आयटीतला नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. डबे उघडणं, जोडणं, मेलेल्यात जीव घालणं हा छंद. मतं त्या हिशेबाने घ्या.

आधी लॅपटॉपचं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी चिप) लागतं, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना खोटी प्रणाली रोखणारी सोय) लागतं. रॅम मात्र ४ जीबी पुरते म्हणे. आता गंमत बघा. २०१७ सालचा, सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७००, सोबत १६ जीबी रॅम आणि एसएसडी, हा नापास. सेलेरॉन एन४०२० आणि ४ जीबी, ज्यावर ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की चहा करून यावं, तो पास. सुरक्षेचं कारण खोटं नाही. किल्ल्या ठेवायला वेगळी चिप असावी हे मलाही मान्य आहे. पण सातव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये पीटीटी नावाने ते टीपीएम २.० बसलेलंच असतं. अडतं ते चिपवर नाही, तर मंजूर प्रोसेसरांच्या यादीवर. यंत्र चालतंय, काम करतंय, फक्त यादीत नाव नाही.

मग करायचं काय? एक, वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. एकतर ३० डॉलर भरा किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवा, मग फुकट. म्हणजे पैसे दिले काय, न दिले काय, मायक्रोसॉफ्टचं खातं दोन्ही वाटांना लागतंच. दोन, अटी चुकवून अकरा टाकायचं. जमतं, पण पुढचं अपडेट येईलच याची हमी नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या मशिनवर मी ते करत नाही. तीन, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे त्यांना मी हेच सांगतो. आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर यातलं काहीही करण्याआधी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपला निम्म्याहून जास्त तारुण्य त्यानेच येतं.

आता भांडण. विंडोजच्या परवान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर विकलेलं नाही, परवान्याने वापरायला दिलेलं आहे. लॅपटॉपबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्राबरोबरच मरतो, नव्या यंत्रावर नेता येत नाही. हे लोकांना माहीत नसतं, आणि असलं तरी 'आय ॲग्री' दाबण्यावाचून दुसरं बटण नसतं. पूर्वी ही भानगड सॉफ्टवेअरपुरती होती. आता दिवा, घड्याळ, दारावरची बेल, प्रिंटर, सगळ्यांत सॉफ्टवेअर आहे, म्हणून ती सगळीकडे पसरली. फ्लॅट विकत घ्यायचा आणि चावी मात्र बिल्डरकडे, असा हा सौदा आहे.

कोणाला हे अतिरंजित वाटत असेल तर जुलै २०२५ मधलं नायरा एनर्जीचं प्रकरण आठवा. गुजरातमध्ये वाडीनारला रिफायनरी, रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा. युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची आउटलुक आणि टीम्स सेवा बंद केली. भारतात बसलेली, भारतीय कायद्याने चालणारी, पैसे वेळेवर भरणारी कंपनी. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, मग सेवा परत सुरू झाली. निर्बंध योग्य की अयोग्य हा या धाग्याचा विषय नाही, कृपया त्यात शिरू नका. मुद्दा असा की बटण कोणाच्या हातात आहे हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील तरी होते. आपल्याकडे फक्त ग्राहक सेवेचा चॅटबॉट.

घरगुती उदाहरण हवं तर स्पॉटिफायचं कार थिंग. गाडीत लावायचा छोटा पडदा, लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेला. ९ डिसेंबर २०२४ ला तो कंपनीने लांबूनच निकामी केला. काच फुटली नव्हती, बटण तुटलं नव्हतं, काही नाही. याच्या उलट पेबल घड्याळ. ती कंपनी २०१६ च्या शेवटी बुडाली, फिटबिटने उरलंसुरलं घेतलं, सर्व्हर बंद पडले. पण छांदिष्टांनी रिबल नावाने स्वतःच्या सेवा उभ्या केल्या आणि घड्याळं चालत राहिली. पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची प्रणाली मुक्त स्रोत करून टाकली, म्हणजे तिचा मूळ कोड सगळ्यांना खुला केला. कंपनी मेली तरी वस्तू जगली, कारण ती उघडता येण्यासारखी होती आणि उघडायची खाज असलेले लोक होते.

आणि आमच्या पंथाचं दैवत म्हणजे लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर. आत लिनक्स निघालं. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की बदल करून वाटलंत तर सोर्सही (मूळ कोड) द्या. लोकांनी तगादा लावला, २००३ मध्ये कंपनीला सोर्स द्यावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्मली. साध्या राउटरमध्ये महागड्या राउटरची कामं व्हायला लागली. परवान्यातल्या एका कलमाने हे घडवलं. परवाना म्हणजे कंटाळवाणा मजकूर असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून हल्ली मी कुठलंही गॅजेट घेण्याआधी मेगापिक्सेल न् गिगाहर्ट्झ शेवटी बघतो. आधी विचारतो की कंपनी उद्या बुडाली तर हे चालेल का? इंटरनेट काढलं तर किती चालेल? माझा डेटा मला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा स्वरूपात बाहेर काढता येतो का? दुकानदाराला हे विचारलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी मिक्सरची जन्मपत्रिका मागितली. पण उत्तर पेटीवर नसलं तरी शोधलं की मिळतं.

लोक काय करतात, कसं निवडतात, ते वाचायला आवडेल.

चिमणीचादिवा

छान लिहिलंय. पण तुमचा हा धागा वाचून माझा नवरा पुन्हा माळ्यावरचे सगळे डबे खाली काढणार आहे, त्याची जबाबदारी कोणाची?

उगाचएक

काका एवढं कशाला. नाक्यावरच्या पोराला ३०० रुपये द्या, विंडोज काय, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो. परवाना वगैरे आपल्याकडे कोण विचारतंय?

स्क्रूड्रायव्हर

@उगाचएक, घरात येऊन कोणी विचारणार नाही, खरंय. पण ते 'ॲक्टिव्हेट' करणारं जे काही चालवतात त्याला अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो. त्यानंतर त्याच मशिनवर नेटबँकिंग करणं मला तरी झेपत नाही. आणि चोरून वापरलं म्हणजे कंपनीची जिरवली हा भ्रम आहे. १९९८ साली खुद्द बिल गेट्स चीनबद्दल जाहीरपणे बोलून गेले होते की चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, सवय लागेल, पैसे पुढे कधीतरी वसूल करू. आपल्याकडे तेच झालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल केलेल्या प्रत्येक डब्यात चोरीचं विंडोज जायचं, त्यामुळे एका पिढीला दुसरं काही असतं हेच कळलं नाही. केरळने शाळांमध्ये लिनक्स नेलं, तिथली पोरं त्यावरच शिकली. आपण 'कॉम्प्युटर' विषयाच्या नावाखाली वर्डचे मेनू पाठ केले.

कोडगा

धागा चांगला आहे पण एकतर्फी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी याच धंद्यात पोट भरतो, त्यामुळे शिव्या अपेक्षित आहेत.

१९७६ च्या फेब्रुवारीत गेट्सने छांदिष्टांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं होतं. अल्टेअर या सुरुवातीच्या छोट्या संगणकासाठी केलेली बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लोक कागदी टेपवरून कॉपी करून वाटत होते. त्याचा हिशेब असा होता की मिळालेल्या रॉयल्टीत तासाला दोन डॉलरही सुटत नाहीत. पत्राचा सूर उद्धट होता, पण प्रश्न रास्त होता की हे काम करणाऱ्याने खायचं काय?

'एकदा विकत घेतलं की कायमचं माझं' हे ऐकायला गोड आहे. पण ग्राहकाला तेवढंच नको असतं. त्याला दर महिन्याला सुरक्षा पॅच हवा, नव्या फोनवर चालायला हवं, क्लाउडवर बॅकअप हवा, आणि हे सगळं २०१८ साली एकदा दिलेल्या पैशात. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं हो. पगारही.

आणि मुक्त स्रोताचं एवढं कौतुक करता तर त्याची दुसरी बाजूही लिहा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे, म्हणजे असंख्य प्रोग्रॅमांत नोंदी ठेवायला वापरलेला मुक्त कोड, फुटलं तेव्हा जगातल्या निम्म्या कंपन्या रात्रभर जाग्या होत्या, आणि ते सांभाळणारे होते मूठभर स्वयंसेवक. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं (लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी) प्रकरण तर अंगावर काटा आणणारं. एकटा दमलेला माणूस लायब्ररी सांभाळत होता, एकाने वर्षानुवर्षं मदतीचं सोंग करून त्याचा विश्वास मिळवला आणि मागचं दार बसवलं. सापडलं कसं? एका इंजिनियरला एसएसएच लॉगिन (दुसऱ्या यंत्रात लांबून शिरणं) अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं म्हणून! इतकी मोठी गोष्ट त्या अर्ध्या सेकंदावर टिकली. सगळ्यांना फुकट हवं असतं, सांभाळायला कोणी येत नाही.

मोठ्या क्लाउड कंपन्या लोकांचं मुक्त सॉफ्टवेअर उचलून सेवा म्हणून विकतात, मूळ लेखकांना दमडी देत नाहीत. म्हणून डेटा साठवायची, शोधायची सॉफ्टवेअरं करणाऱ्या कंपन्यांनी, मॉंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये परवाने आवळले. तेव्हा इथल्यासारख्याच मंडळींनी 'विश्वासघात' म्हणून गळे काढले होते.

स्क्रूड्रायव्हर

@कोडगा, शिव्या कशाला, बराचसा सहमत आहे. एक्सझेडवर तर स्वतंत्र धागा काढाच, मी पहिल्या रांगेत बसतो.

पण मी 'फुकट द्या' कुठे म्हटलं? मी सॉफ्टवेअर विकत घेतो आणि आनंदाने घेतो. माझी तक्रार पैसे देण्याबद्दल नाही, पैसे दिल्यावरही परवानगी मागत राहावं लागण्याबद्दल आहे. यात मधला रस्ता निघतो. प्रोग्रॅमरांची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सचं बघा. वर्गणीच आहे, पण वर्षभर भरलीत की ते वर्ष सुरू होतानाची आवृत्ती कायमची तुमची. पुढची अपडेट्स नकोत तर थांबा, हातातलं काढून घेत नाहीत. तुमचे सर्व्हरही पोसले जातात आणि माझंही अडत नाही. याउलट २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने ठरवलं की आता फक्त वर्गणी. फोटोशॉपची सीएस६ ही कायमची विकत मिळालेली शेवटची आवृत्ती. त्यानंतर वर्गणी थांबली की प्रोग्रॅम बंद. तुम्हीच केलेलं काम तुमच्याच फाइलीत अडकून पडतं.

रेडिसबद्दल मात्र अर्धीच गोष्ट सांगितलीत. परवाना आवळल्यावर काही दिवसांतच लोकांनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून व्हॅल्की सुरू केलं, आणि २०२५ मध्ये रेडिस एजीपीएल (जीपीएलचा भाऊबंद परवाना) घेऊन मुक्त गोटात परत आलं. इलॅस्टिकही २०२४ मध्ये परत आलं. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या मालकाने विचार बदलला असता तर ग्राहकाने काय फोर्क केलं असतं, म्हणजे कुठला कोड घेऊन वेगळी चूल मांडली असती?

कोडगा

जेटब्रेन्सचा मुद्दा मान्य. त्यांचे ग्राहक प्रोग्रॅमर आहेत, फसवलं तर स्वतःच दुसरं लिहितील, ही भीती त्यांना असते. मिक्सर घेणाऱ्याची भीती कोणालाच नसते.

ताळेबंद

माझ्या क्षेत्रातलं थोडं लिहिते (सीए आहे, वकील नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नये).

'विकलेलं नाही, परवान्याने दिलंय' हा युक्तिवाद आपल्याकडे करखात्यानेच फार मजेशीर करून ठेवलाय. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २००४ मध्ये सांगितलं की डबाबंद सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागेल. बरं, मग आयकर खातं म्हणायला लागलं की परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरचे पैसे देता म्हणजे ती कॉपीराइट वापरण्याची रॉयल्टी झाली, टीडीएस कापा. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि मार्च २०२१ मध्ये इंजिनियरिंग ॲनालिसिसच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढलं. असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइटमधला कुठलाही हक्क मिळत नाही, तो फक्त कॉपीराइट असलेली वस्तू घेतो, म्हणून ती रॉयल्टी नव्हे. म्हणजे कर लावताना माल, आणि ग्राहकाने परत विकायचं म्हटलं की 'हा तर परवाना'. दोन्हीकडून पिसला जातो तो शेवटचा माणूस.

टॅलीबद्दल. स्क्रूड्रायव्हर यांची कसोटी लावली तर टॅली अर्धी पास होते. कायमचा परवाना मिळतो, वार्षिक टीएसएस (अपडेट्सची वर्गणी) भरलं नाही तरी प्रोग्रॅम चालत राहतो, अपडेट्स थांबतात. पण जीएसटीचे नियम इतक्यांदा बदलतात की अपडेट न घेता धंदा करणं अवघड. इथे वर्गणी कंपनीने लादली की सरकारने, सांगा बघू! आणि अधिकृतपणे ते विंडोजवरच चालतं, त्यामुळे आमच्या ऑफिसात मिंट येणं कठीण. डेटा मात्र एक्सेल, एक्सएमएलमध्ये बाहेर काढता येतो, तो आम्ही दर मार्चअखेर काढून ठेवतो.

आणि @उगाचएक, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी वाचा. चोरीचा प्रोग्रॅम आहे हे माहीत असून वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरलेला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण ऑफिसात सापडलात तर मी येणार नाही सोडवायला.

उगाचएक

ताई घाबरवू नका, मी गप्प बसतो.

चिमणीचादिवा

मला एक साधा प्रश्न. सासूबाईंकडे जुना लॅपटॉप आहे, वापर म्हणजे यूट्यूबवरची कीर्तनं, बँकेचं स्टेटमेंट आणि मैत्रिणींना मराठीत मेल. मिंट टाकलं तर त्यांना जमेल का? त्यांना इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) येत नाही, 'केएचयूपी' टाइप करून 'खूप' असं हवं असतं.

स्क्रूड्रायव्हर

जमेल. मिंटमध्ये आयबस (भाषा टंकायची सोय) आणि त्याचं एम१७एन पॅकेज घाला, मराठीत आयट्रान्स निवडा, इंग्रजी अक्षरांनी मराठी टंकता येतं. फक्त दीर्घ 'ऊ' आणि शेवटचा 'अ' वेगळा द्यावा लागतो, तेवढी सवय करावी लागेल. फॉन्ट लोहित किंवा नोटो, दोन्ही जोडाक्षरं नीट दाखवतात. दोन गोष्टी आधी तपासा. पेन ड्राइव्हवरून न टाकता नुसतं चालवून बघा, वायफाय आणि आवाज लागतोय ना. आणि प्रिंटर असेल तर त्याचं नाव शोधून घ्या, तिथे अडतं. डेस्कटॉपवर तीनच चिन्हं ठेवा, बाकी लपवा.

बांधावरून

राम राम मंडळी. तुमचं विंडोज-लिनक्स आम्हाला लांबचं, पण ही 'कंपनी गेली की वस्तू गेली' भानगड आमच्या विहिरीपर्यंत आली आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं मोटारीला मोबाईल स्टार्टर लावायची पद्धत आता जुनी झाली. थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, पाळीनं. रात्री दोनला उठून बिबट्याच्या वाटेनं विहिरीवर जाण्यापेक्षा घरातनं मोटार चालू केलेली बरी. पहिला स्टार्टर घेतला त्यात साधं सिमकार्ड. फोन लावायचा, एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद, फेज गेली तर तोच उलटा फोन करतो. इतकी वर्षं झाली, अजून चाललाय. बनवणारा कुठं आहे कुणास ठाऊक, त्याचं काही अडत नाही.

मग भावानं शेजारच्या विहिरीवर नवीन घेतला, ॲपवाला. दिसायला झकास, आलेख दाखवतो, किती पाणी उपसलं सांगतो. पहिलं वर्ष फुकट, मग दरसाल रिचार्ज. तोही भरला. परवा परवा ॲपच उघडंना. फोन केला तर नंबर अस्तित्वात नाही. डबा तोच, रिले तोच, वीज तीच, पण मोटार सुरू करायला भाऊ पुन्हा बॅटरी घेऊन चालत जातोय. नवं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आमच्या बांधावर यावं.

एक विचारायचं होतं. जुन्या स्टार्टरला टूजी लागतं. हे टूजी बंद झालं तर?

स्क्रूड्रायव्हर

दादा, माझ्या अख्ख्या लेखापेक्षा तुमचे दोन परिच्छेद भारी आहेत.

टूजीचं : जिओकडे ते नव्हतंच, त्यामुळे तुमच्या डब्यात एअरटेल, व्हीआय नाहीतर बीएसएनएलचं सिम असणार. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीलाच टूजी बंद केलं. आपल्याकडे साध्या फोनवाल्यांची संख्या अजून मोठी आहे, पण कायम राहील असं धरून चालू नका. नवीन घ्यायची वेळ आली तर फोरजी सिमवर मिस्ड कॉल आणि एसएमएसने चालणारा बघा, ॲप असलंच तर ते जादाची सोय म्हणून असावं, त्यावाचून अडू नये. भावाच्या डब्याचं झाकण उघडून बोर्डाचा फोटो टाका (आधी मेन स्विच बंद!). आत ओळखीची चिप निघाली तर आपलं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) घालता येईल. नाहीच जमलं तर रिले आणि पेटी ठेवून आतला कंट्रोलर तेवढा बदलू.

आयोवाकर

बांधावरून यांचं वाचून राहवलं नाही. मी मूळचा परभणीकडचा, सध्या अमेरिकेत आयोवात, आजूबाजूला मक्याशिवाय काही नाही. इथल्या शेतकऱ्यांचं हेच रडगाणं लाखो डॉलरच्या ट्रॅक्टरवर चाललेलं असतं. जॉन डिअरच्या यंत्रात सेन्सर बिघडला की पूर्ण दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अधिकृत डीलरकडेच असायचं. पार्ट स्वतः बदलला तरी यंत्र तो 'ओळखायचं' नाही, डीलर येऊन लॅपटॉप जोडेपर्यंत उभं. कापणीच्या दिवसांत त्याची वाट बघत बसणं म्हणजे काय हे इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

पण इथे लोकांनी रेटा लावला. कोलोरॅडोत शेती-यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, सोबत इलिनॉय आणि मिनेसोटा राज्यांनी, डिअरवर खटला भरला. भारतातही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं होतं ना?

ताळेबंद

काढलं आहे, कंपन्यांची माहिती आणि सेवा केंद्रं एका जागी मिळतात. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटा भाग नाकारला म्हणून कंपनीला खेचायचं तर अजून ग्राहक आयोगाचाच रस्ता.

अक्षरजुळारी

उशिरा आलो. आमचा डीटीपीचा धंदा, वडिलांपासूनचा, आधी खिळे जुळवायचो आता अक्षरं. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गावच्या यात्रेचं पत्रक. तुमच्या धाग्यात आमचं दुखणं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालायचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला तो छोटा डोंगल लावला तरच अक्षर उमटणार. त्या काळी कर्ज काढून घेतलेलं, पावती अजून फ्रेम करण्यासारखी जपून ठेवलीय. आता नव्या बोर्डाला ते पोर्टच नाही. विकणाऱ्या कंपनीला विचारलं तर नवीन आवृत्ती घ्या म्हणतात, पूर्ण किमतीला. चोरी आम्ही केली नाही, आणि चोरीचा क्रॅक वापरणाऱ्या समोरच्या दुकानाचं काम मात्र बिनधास्त सुरू! डोंगल लावून लावून पिना वाकल्यात. तो मेला की पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या फाइली, त्यात दोन गावांचे इतिहास आहेत, इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन बसणार. यावर तोड सांगा.

कोडगा

हे वाईट आहे. प्रामाणिक ग्राहकालाच कुलूप अडवतं, चोराने ते आधीच कापलेलं असतं. यात मी माझ्या धंद्याची बाजू घेणार नाही.

ताळेबंद

कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या माणसाला नाश किंवा नुकसान यांपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत करता येते. कुलूप तोडण्याबद्दल ६५ए आहे, पण तिथेही गुन्हा ठरतो तो हक्क भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. तुमच्याकडे पावती आहे, ती सांभाळा. तरी काही करण्याआधी वकिलाला विचारा.

स्क्रूड्रायव्हर

काका, कुलपाला हात न लावताही बरंच होईल.

आधी डोंगल वाचवा. यूएसबीला प्रिंटर पोर्ट करून देणारी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. ती फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगल तिला दिसत नाही. एकतर पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं पॅरलल पोर्ट कार्ड, नाहीतर सरळ जुन्या बाजारातून तसं पोर्ट असलेला डबा. मी दुसरं करीन. त्यावर एक्सपी, इंटरनेटची वायर कायमची काढलेली, आणि हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर. डोंगल एकदा लावला की पुन्हा काढायचा नाही, पिनांचा त्रास तिथेच थांबेल.

पण खरा ऐवज सॉफ्टवेअर नाही, मजकूर आहे, आणि तो तुमचा किंवा तुमच्या गिऱ्हाइकाचा आहे. जुन्या फॉन्टांनी मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते, म्हणून फॉन्ट नसला की कचरा दिसतो. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढा आणि त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत) आणा. फॉन्टागणिक कन्व्हर्टर वेगळा, हे लक्षात असू द्या. एकदा युनिकोड झालं की कुठल्याच डोंगलची गरज नाही. मुक्ता, बालू असे सुंदर फॉन्ट एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी मुक्त परवान्याखाली दिलेत, छापायला, धंद्यात वापरायला चालतात, फक्त फॉन्ट नुसते सुटे विकता येत नाहीत. पानं लावायला स्क्रायबस १.६ बघा, त्यात देवनागरी जुळते.

अक्षरजुळारी

कन्व्हर्टर एकदा करून पाहिला होता. वेलांट्या आणि रफार इकडचे तिकडे पडतात. दोन गावांचे इतिहास असे गिऱ्हाइकाला देता येत नाहीत.

स्क्रूड्रायव्हर

पडतात, कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. चांगला कन्व्हर्टर हे सांभाळतो. हमखास राहतो तो 'ऱ्य'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. तिथे शोधा-बदला सरसकट चालवू नका, नाहीतर 'सूर्य', 'कार्यालय', 'पर्याय' सगळे बिघडतील. एकेक विचारून बदलायचं. एक प्रकरण मला पाठवा, मी कन्व्हर्ट करून चुका कुठे राहतात त्याची यादी देतो, पुढची तुम्ही त्या यादीने तपासा.

अक्षरजुळारी

'कार्यालय' आणि 'पर्याय' दोन्ही पतसंस्थेच्या अहवालात पानोपानी आहेत, बरं झालं आधी सांगितलंत. गावच्या इतिहासातलं पहिलं प्रकरण उद्या टेक्स्ट करून पाठवतो. फॉन्टचं नावही सोबत लिहितो.

बांधावरून

बोर्डाचा फोटो टाकलाय. मेन स्विच बंद करूनच काढला. चिपवर काय लिहिलंय ते दिसंना, वर काळं काहीतरी ओतलंय.

स्क्रूड्रायव्हर

बघितला. काळं ओतलंय ते इपॉक्सी (घट्ट होणारी राळ), म्हणजे चिपपर्यंत पोचणं अवघड. रिले मात्र धडधाकट दिसतोय आणि त्याच्या तारा वेगळ्या आल्यात. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर किती व्होल्ट लिहिलेत तेवढं वाचून सांगा, मग कुठला कंट्रोलर घ्यायचा ते ठरवू.